डेल्बर्टची खोली

केंटकी, ९ जुलै
ती. अ‍ॅन्डर्सदादास, मारेनचा नमस्कार.

ये आणि मला घेऊन जा. शिबिरात आल्याआल्याच फोन काढून घेतले, म्हणून पत्र. लवकर निघायला पालकाची सही लागते. आईबाबा नाहीत, म्हणजे तुझीच.

पुरात ज्यांची घरं गेली त्यांना घरं बांधून देणार, असं चर्चमध्ये सांगितलं होतं ना? आम्ही इथल्या एका म्हाताऱ्या लर्लीनकाकूंची एकच खोली रंगवतोय. भिंत खरवडली तर खाली निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. दर उन्हाळ्यात एक तुकडी येते, रंगवते, फोटो काढून जाते. छप्पर गळतं म्हणून रंग सुटतो. पण मुलांनी छपरावर चढायचं नाही, असा नियम! खोली त्यांच्या मुलाची, डेल्बर्टची. तो पुरात वाहून गेला, सापडलाच नाही. त्याला कुठला रंग आवडेल, ते काकू दारात बसून सांगतात. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहवत नाही रे.

तुझी मारेन

मिनेसोटा, १३ जुलै
चि. मारेनला अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ओले मोजे घालून झोपत नाहीस ना? तुमच्या प्रवासाचे पैसे जमवायला सगळ्या चर्चने पॅनकेक करून विकले, निम्मे मी जाळले. आता पास्टरना काय सांगू, पोरीला रंग आवडला नाही?

मी शाळा अर्ध्यात सोडली तेव्हा थांब म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून मी म्हणतोय. सही करणार नाही. रागाव, पण उत्तर लिही.

तुझा दादा

केंटकी, १७ जुलै
ती. दादास नमस्कार.

रागावले होते. आता ते राहू दे. परवा काकूंनी विचारलं, येताना वाटेत आमचा डेल्बर्ट दिसला का गं? आमच्यातला ट्रेव्हिस हसत म्हणाला, दिसला की, येतोच म्हणाला! काकूंनी ठेवणीतला झगा घातला. त्याचं ताट वाढलं. तेव्हापासून दिवसभर व्हरांड्यात असतात. गाडी वाजली की उभ्या राहतात.

शिबिराच्या प्रमुख बाई म्हणतात, त्या खूश आहेत, तोंड उघडलंस तर घरी पाठवीन. पण कुणीतरी सांगायला हवं ना? मी सांगते. तू सही पाठव, म्हणजे सांगून लगेच निघता येईल.

मारेन

मिनेसोटा, २० जुलै
चि. मारेनला आशीर्वाद.

सांग. उभ्याने नको, शेजारी बसून. ट्रेव्हिस खोटं बोलला, एवढंच सांग. बाकीचं त्यांना ठाऊक असेल.

तू लहान होतीस. बाबा तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाले, ते शेजारच्या बाईंनी आईला सांगितलं आणि लगेच गाडी चालू करून निघून गेल्या. आई मरेपर्यंत त्या इंजिनाचा आवाज सांगायची. बाबांचं मात्र काही बोलली नाही.

म्हणून सही करत नाही. सांगून झालं की तिथेच बसून राहा, त्या काही बोलल्या नाहीत तरी. बाई घरी पाठवायला लागल्या तर हे पत्र दाखव: पालकाची परवानगी नाही. शिबिर संपेल त्या दिवशी मी येतोच. माझ्यावरचा राग वाटेत काढ. तोवर लोभ असू दे.

तुझा दादा
अ‍ॅन्डर्स