निवृत्तीरावांचा टिळा

३० सप्टें., मंगळ. अष्टमी.
कुसुम, हे मागाहून तुला पाठवणार, म्हणून आधीच सांगते: चष्मा तुझ्या कपाळावरच आहे, घर उलथंपालथं करू नकोस. मी सांगतेय, रेवा लिहितेय. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "आजी, धीरे बोलिए ना, हाथ दुखता है." माझी अक्षरओळखच नाही, त्यामुळे माझा हात मजेत.
तुझी वहिनी मेधा आज लॅबमधून गुणगुणत आली. तिचा तो धातू, नाव निओडिमियम (मी निवृत्तीराव म्हणते), हवा लागली की काळवंडतो. मेधा लेझरनं ते काळं उडवते. अॅसिड नाही, घासणं नाही. तुकडा आज लख्ख झाला. आता परत हवा लागू नये म्हणून वर लेप द्यायचा. सोमवारी दिल्लीचे लोक बघायला येणार. उजळ राहिला तर काम पुढे चालू, नाहीतर बंद.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
सकाळी पूजा. सुरी, कात्री, रेवाचा लॅपटॉप, माझा अडकित्ता. मेधाला हळदकुंकवाची पुडी दिली. "मशीनला लाव हो."
चारला आली ती चेहरा पाडून. मशीनला लावलं आणि हात थांबेना! निवृत्तीरावांनाही त्यांच्या हवाबंद पेटीबाहेर काढून टिळा. ओल्या बोटानं. 'ओला हात लावू नये' हा कागद दारावर हिनंच डकवलाय. दुपारपर्यंत टिळ्याभोवती काळं. दुसरा तुकडा यायला कित्येक महिने.
"आई, सवयीनं हात गेला हो."
"मग, तुझं सांगलीचं माहेर जातंय कुठं?"
दोघी हसत सुटलो. ती मधेच रडली. परत हसली.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
सुटी, तरी मेधा लॅबला. मीही. इथं आपटा कुठला? पार्कातली कचनारची पानं घेतली, तीही जोडपानंच, सोनं म्हणून चालतात.
मला काळा चष्मा घातला. मेधाबरोबर काम करणारे मिश्राजी म्हणाले, "माताजी, हीरोइन लग रही हैं."
"भैया, लग नहीं रही, हूँ."
लेझर सुरू. मोहरी तडतडावी तसा आवाज, बारीकसा धूर. टिळा पहिल्या फेरीतच गेला. खालचं काळं मात्र बसलंय पाय रोवून. "जोर वाढवला तर खड्डा पडेल, आई." थांबली. जोर कमी केला, परत. परत. मी श्वास धरून.
मग एकदम चांदी!
मी टाळ्या पिटल्या. मिश्राजींनी पण. सगळ्यांना सोनं दिलं, निवृत्तीरावांना लांबूनच दाखवलं.

३ ऑक्टो., शुक्र.
लेप दिला. टिळ्याच्या जागी इवलासा खळगा राहिलाय. तिथं लेप धरेल? मेधा म्हणते, धरेल. भाजी चिरता चिरता म्हणते, बघू.

५ ऑक्टो., रवि.
तुकडा अजून उजळ. मेधा सुटीची जाऊन बघून आली. खळग्याशी एक छटा दिसते, डाग की उजेड ते तिलाही…
उद्या येणार ते लोक.
रेवा विचारते, "लिख दूँ कि आप घबराई हुई हैं?" लिही, तुझी आई घाबरलीय. मी नुसता तिसऱ्यांदा चहा टाकलाय.
कुसुम, उद्या काही होवो, भडंग पाठव. लसूण सढळ, शेंगदाणे खरपूस. काम चालू राहिलं तर लॅबभर वाटू, बंद पडलं तर आम्ही तिघी बसून खाऊ. तेव्हा डबा मोठाच भर.