व्हर्लिन आपल्याच मर्तिकाला जेवला

चि. रोमेल्डास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू मला विसरली असशीलच, म्हणून ओळख सांगते: मी युलालिया, तुझ्याहून मोठी, तुझ्याहून देखणी. ईस्टरला फोन करते म्हणालीस. कुठल्या सालच्या ते सांगायचं राहिलं. गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही आहेत. (हे सगळं सूनबाई मार्लीन लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही याचा फायदा एवढाच, की चुका तिच्या.)

इथे नेब्रास्कात गाव तेच, माणसं बदलली. गोऱ्या म्हाताऱ्यांची पोरं शाळा संपली की डेन्व्हर गाठतात, ती नाताळला नाहीतर मर्तिकाला परततात. त्यांच्या रिकाम्या घरांत मांसाच्या कारखान्यात कामाला आलेली आपली मेक्सिकन माणसं आणि सोमालियाची माणसं राहतात. त्यामुळे शाळेत गोंगाट आणि डोरिस ॲन या गोऱ्या म्हातारीच्या चर्चमध्ये शांतता.

समोरचा व्हर्लिन, विधुर, रोज सकाळी खिडकीचा पडदा वर करतो. एकट्या म्हाताऱ्याचा पडदा वर गेला, की तो आहे असं गावाने समजायचं. गेल्या मंगळवारी दुपार झाली तरी पडदा खालीच! डोरिस ॲनने घरोघर फोन केले आणि गावातले सगळे ओव्हन पेटले. (आधी दार का नाही वाजवलं, असं विचारू नकोस. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने गेलेली बाई इथे पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.) मीही डोळे पुसत भात परतला, कांद्याचं निमित्त होतंच.

मग हॅम, चीज घातलेले बटाटे, शेजारच्या सोमाली होदानचे सामोसे असं सगळं घेऊन आम्ही आत शिरलो, तर व्हर्लिन स्वयंपाकघरात बॅगा भरत बसलेला! महिनाअखेरीला मुलगी त्याला डेन्व्हरच्या वृद्धाश्रमात नेणार होती. निरोप घेताना रडू येईल, म्हणून पडदा पाडून गुपचूप आवराआवर चाललेली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"तूच," डोरिस ॲन म्हणाली. "मेल्या, एवढी हॅम भाजली मी! आता गुमान बस आणि जेव."

तीन ताटं जेवला. पण लोकांची भांडी परत केल्याशिवाय गाव कसं सोडणार? भांड्याखाली चिकटवलेली नावं वाचत बुधवारपासून तो दारोदार फिरतोय. रिकामं भांडं कुठलीच बाई ठेवून घेत नाही, सफरचंदाचा ॲपल-पाय भरून पुन्हा त्याच्याच हातात देते. परत करतोय तसतशी त्याच्या घरातली भांडी वाढतायत. माझ्या भांड्याखाली नाव नाही, तेवढ्यावरूनच ते माझं हे त्याने ओळखलं. काल आणून दिलं, कॉफी प्याला, डोमिनोत हरला. बाकी विशेष काही नाही.

तुझी युलालिया

ता. क. विशेष आहे. त्याने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. "या वयात?" म्हणू नकोस. तू तीन लग्नं केलीस, मी काही बोलले का? (बोलले. पण तुझ्या तोंडावर नाही.)

आणखी ता. क. त्याच्या मुलीला यातलं काही माहीत नाही, ती ठरल्याप्रमाणे न्यायला येतेय. आधी वाढणार, मग सांगणार. भरल्या पोटी बापाला ओढून नेणं जड जातं. तेव्हा टेक्सासहून तुझ्या हातचे मक्याच्या पिठाचे वाफवलेले टमाले पाठव, मक्याच्या पानात घट्ट बांधून, बर्फात घालून. डुकराचे जास्त, होदानसाठी घेवड्याचे, डुकराची चरबी न घालता, वेगळ्या डब्यात. आणि डुकराच्या टमाल्यांत मिरची सढळ हाताने टाक. पोरगी भांडखोर आहे म्हणे. तोंड भाजलं की बोलायला जरा उशीर होतो.