लग्नाच्या पाकिटावरची गाठ

९ नोव्हेंबर

तेप्पेई गेला. माझा जावई. अजून पस्तीसही पुरी नव्हती. पहाटे घाटात धुकं होतं, त्याचा ट्रक कठड्यावरून खाली गेला.

चिसातोचा फोन आला तेव्हा मी टेबलाशी बसून बाळंतभेटीच्या पाकिटांना दोऱ्या बांधत होते. "आई, तेप्पेई..." एवढंच म्हणाली. पुढचं तिच्या सासूने सांगितलं.

१० नोव्हेंबर

चाळीस वर्षं मी पैशांची पाकिटं बनवते. आहेराची, तशी शोकाचीही. शोकाची नेहमी दुसऱ्यांच्या दारी गेली. आज घरच्या माणसाचं केलं. कागद घडी केला, काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांची गाठ घातली. नाव लिहायला शाईत पाणी घातलं. आसवं पडून शाई फिकी झाली, असं त्यातून दाखवायचं असतं. मी रडले नव्हते. पाणी नळाचं होतं.

घरात कोऱ्याच नोटा होत्या. मधोमध दुमडून मग आत घातल्या. नाहीतर बाईने मरणाची आधीच तयारी करून ठेवली होती, असं दिसतं.

१२ नोव्हेंबर

अंत्यविधी झाला. सगळे जेवायला बसले होते. विहीणबाई आतून एक पाकीट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. तेप्पेईचा फोटो शोधताना कपाटात सापडलं म्हणे.

"विहीणबाई, अक्षर तुमचंच ना?"

माझंच. चार वर्षांपूर्वी दोघांच्या लग्नात मी दिलेलं पाकीट. त्यावर लाल-पांढरी फुलपाखरी गाठ!

ती गाठ टोक ओढलं की सुटते. बाळ झालं, नवं घर बांधलं, मूल शाळेत गेलं की ती घालायची — पुन्हा पुन्हा व्हावं अशा गोष्टींना. लग्नाला कधीच नाही. लग्नाला न सुटणारी, एकदाच व्हावं म्हणून. मरणालाही तीच.

"सुटणारी गाठ घातलीत," त्या म्हणाल्या. "सुटली."

कोणाचा घास उचलला जाईना. चिसातो फोटोशेजारी बसली होती. तिने मान वर केली नाही.

१३ नोव्हेंबर

ती गाठ मी घातलेली नाही.

१६ नोव्हेंबर

पण कशावरून?

लग्न एप्रिलमधलं. एप्रिलमध्ये शाळा सुरू होतात. त्या आठवड्यात मी दिवसभर फुलपाखरीच बांधत होते. बोटांना सवय लागते, मग ती विचारत नाहीत. पाकीट मी लग्नाच्या दिवशीच सकाळी केलं, केस विंचरता विंचरता. हे आठवतं. गाठ आठवत नाही. डोळे मिटून बोटं हवेत फिरवून पाहिली, तर फुलपाखरीच होते!

मी माझ्या मुलीचं असं केलं का?

२१ नोव्हेंबर

नागुमो येऊन गेला. कामाचं सामान टाकणारा. नव्या वर्षाच्या तोरणांच्या दोऱ्यांची दोन खोकी दारात ठेवली, बूट न काढता तिथेच उभा.

"फुमिएकाकू, मागची खोकी तशीच? अजून उघडलीपण नाहीत?"

म्हटलं, हात चालत नाहीत.

"हात चालत नाहीत की लोकांची तोंडं चालतात म्हणून?"

म्हणजे याच्यापर्यंत पोचलं. वर म्हणतो, "माझी बायको म्हणते, आमच्या लग्नाचं पाकीट काकूंनीच केलेलं, काढून बघा जरा. म्हटलं, बघायचं कशाला, सुटणारी असती तर मी केव्हाच पळालो असतो." हसवायला आला होता बिचारा. मला हसू आलं नाही.

२८ नोव्हेंबर

चिसातो फोन घेत नाही. आज सासूने उचलला. "झोपलीय." दुपारी दोन वाजता!

६ डिसेंबर

तेप्पेईला उदबत्ती लावायला गेले. चिसातो आतल्या खोलीत, दार लावलेलं. विहीणबाईंनी चहा दिला, आणि उठताना ते पाकीट हातात कोंबलं. "न्या तुमचं. माझ्या घरात नको."

बसच्या थांब्यावर उन्हात नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक बस सोडली.

गाठ माझी नाही. मी दोऱ्या आधी बोटांनी ताणून घेते, त्यामुळे पाचही शेजारी शेजारी सपाट बसतात. इथे तिसरी चौथीवर चढलेली. टोकं सरळ कापलेली, मी तिरकी कापते. दुकानातली, यंत्रावर केलेली गाठ! आणि गाठ सरकवून काढली तर खाली कागदावर दुसऱ्याच एका गाठीचा ठसा दिसला. माझीच होती ती. न सुटणारी. माझ्या बोटांनी चूक केलेली नाही.

घरी येऊन भात केला. दोनदा वाढून घेतला. विहीणबाई सगळ्यांसमोर बोलल्या, आता सगळ्यांसमोरच त्यांना शब्द परत घ्यायला लावणार. तेप्पेईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला सगळे येतीलच.

७ डिसेंबर

माझी गाठ काढली कोणी, याचा विचार काल केला नाही. आजही करायचा नाही.

१५ डिसेंबर

नागुमोची चारही खोकी संपवली. बोटं पहिल्यासारखी चालतात. विहीणबाईंना काय म्हणायचं ते काम करता करता घोकते आहे. तेच तेच वाक्य, रोज थोडं जास्त तिखट.

२६ डिसेंबर

विधी उद्या. दुपारी चिसातो आली. न सांगता. केवढी वाळली आहे! मनगटाची हाडं दिसतात.

कोट न काढताच टेबलाशी बसली, लहानपणी बसायची त्याच बाजूला. पर्समधून रुमाल काढून उलगडला. आत माझी गाठ. पाचही दोऱ्या सपाट, टोकं तिरकी. कडा मळलेल्या.

"लग्नानंतर त्या घरात करमत नव्हतं," म्हणाली. "म्हणून ही काढून जवळ ठेवली. पाकीट उघडं दिसायला नको, म्हणून शेजारच्या काकूंनी दिलेल्या दुसऱ्या कशाच्या तरी पाकिटावरची त्याला चढवली. म्हटलं, कपाटात कोण बघतंय."

मी गाठ हातात घेतली.

"मला कळत नव्हतं असं नाही, आई. या टेबलाखाली रांगले मी. कळत होतं, तरी चढवली. मग तो गेला. सगळ्यांसमोर तुला बोलल्या आणि मी मान खाली घालून ऐकत बसले." मग अगदी हळू म्हणाली, "मीच सोडवलं त्याला."

म्हटलं, धुकं होतं गं. गाठीने ट्रक पडतो का? तिने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं गाठीवर पोट भरणाऱ्या बाईने हे बोलावं! तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलं नाही.

"उद्या सगळ्यांसमोर सांगते. मग त्या मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

तिला तिथेच राहायचं आहे. तेप्पेईच्या खोलीत, त्याच्या आईजवळ. जाताना गाठ माझ्याकडेच ठेवून गेली. पर्सिमॉनची वाळवलेली फळं दिली होती, तीही विसरली.

२६ डिसेंबर

विधी झाला. चिसातो बोलायला उठत होती, त्याआधी मी चटईला डोकं टेकवलं. म्हटलं, विहीणबाई, ती गाठ मीच घातली. घाईत चुकले. मला क्षमा करा.

संध्याकाळपर्यंत नागुमोला कळेल. लग्नाची पाकिटं तो आता माझ्याकडे टाकणार नाही.

चिसातो मोठ्याने रडली, एकोणपन्नास दिवसांत पहिल्यांदा. विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं.