मनगटावरचा धागा

१४ जुलै, सोमवार

कामाचा पहिला दिवस. बांगड्या गेल्या.

फुटल्या नाहीत, काढाव्या लागल्या. वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, पोळ्याचे लाकडी बैल बनवायचा कारखाना. ह्यांनी मिलमधून येता-जाता बाहेरची पाटी वाचली होती, बाया पाहिजेत म्हणून. मला वाटलं रंगकाम असेल, फार तर पॉलिश. दारातच नानाजी मिस्त्री उभे. पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी माझे हात पाहिले.

"बांगड्या काढा, बाई."

"सगळ्या?"

"मशीनले एकच पुरते."

मंगळसूत्र आत, पदर खोचलेला, वरून ह्यांचा जुना शर्ट, केस रुमालात. लग्नाआधीही मी इतकी मोकळी नव्हते. नानाजींच्या स्वतःच्या उजव्या मनगटावर विटलेल्या धाग्याचं जाड कडं दिसलं. देवाचं असेल.

मग त्यांनी मोठं कटर सुरू केलं. फळी पुढे सरकली आणि आवाज कानात नाही, छातीत शिरला. बाभळीची फळी, कुऱ्हाडीला दाद न देणारी! दोन तुकडे होऊन बाजूला पडले आणि कड अशी गुळगुळीत की गालाला लावावी. मी आ वासून पाहत राहिले. तोंडात भुसा गेला.

१५ जुलै

काल बांगड्या परत घालायला विसरले. सासूबाईंनी ताट वाढतानाच पाहिलं.

"अवं, भरल्या घरात भुंडे हात? लाज नाई वाटत काय वं?"

सांगितलं, मशीन ओढते. त्या म्हणाल्या, मशीन काय नवऱ्यापेक्षा मोठी हाय? ह्यांनी भाकरीत तोंड घातलं. आजपासून बांगड्या डब्याच्या वरच्या पुडात. येताना बसमध्ये घालायच्या. शेजारची बाई रोज पाहणार, पाहू दे.

२२ जुलै, मंगळवार

आज मला मशीन मिळालं. उभं ड्रिल. बैलाच्या पाटाला चाकाच्या दांडीसाठी भोकं पाडायची.

मी शहाणपणा करून घरून हातमोजे नेले होते, जाड, चांगले. नानाजींनी ते चिमटीत धरून बाजूला ठेवले. "फिरत्या मशीनपाशी हातमोजा नाई. मोजाचा धागा सापडला का मशीनले पुरा हात भेटते." इतके दिवस मी उलटंच समजत होते.

मग म्हणाले, लाकूड हातानं धरायचं नाही, शिकंज्यात आवळायचं. चक म्हणजे भोक पाडायचं बिट पकडणारा जबडा, तो आवळायची चावी काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही, नाहीतर ती गोळीसारखी सुटते. डोळ्यांवर चष्मा. भुसा ब्रशनं झाडायचा, तोही मशीन थांबल्यावर. आणि हे लाल बटण. "बाकी सारं विसरली तरी चालन, हे कुठं हाय ते झोपेतही याद राह्यलं पाहिजे."

पहिलं भोक. बिट लाकडाला टेकलं आणि पिवळ्या कुरळ्या साली वर यायला लागल्या, तव्यावरून पापुद्रे सुटतात तशा. मशीन थांबवून, पाट सोडवून डोळ्यापुढे धरला तर आरपार उजेड. मी पाडलेल्या भोकातून मला रस्ता दिसला, रस्त्यावरची बस दिसली. काय सांगू! पुन्हा पुन्हा डोळा लावला. प्रमिला (शेजारी पॉलिश करते) हसून हसून बेजार.

कटरला मी थोरली म्हणते, ड्रिलला धाकटी. दोघी जावा. थोरलीला सगळे वचकून. धाकटी आपल्यातली.

९ ऑगस्ट

नानाजी थोरलीवर. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उभी.

पात्याच्या रेषेत कधी उभे राहत नाहीत, जरा बाजूला. फळी शेवटाला आली की हात मागे आणि काठीनं ढकलायचं. काठीच्या टोकाला पात्याचे चावे. प्रत्येक चावा बोटाचा असता. असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. मग त्यांचे हात पाहिले. एवढं आयुष्य पात्याशेजारी, आणि बोटं सगळी जागच्या जागी, नखांसकट. देवळात मूर्तीकडे पाहावं तशी पाहत होते.

"काय पाहून राहिली वं?"

"तुमची बोटं."

हसले. "माही काहाची? ज्यानं राखली त्याची."

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. सुट्टी. गल्लीत पोरं नटूनथटून आपापले लाकडी बैल ओढत निघाली. एक बैल खडखडत आला आणि मी ओळखला! पाटाची कड, चाकाची दांडी. दांडी माझ्या भोकात फिरत होती. सरळ. जराही डुगडुगत नव्हती. पोराच्या आईला सांगावंसं वाटलं, भोक माझं आहे. सांगितलं असतं तर तिनं मला वेडी समजून पोराला कडेवर उचलून घेतलं असतं. गप्प राहिले, पण डोळे भरून आले ते आले.

सासूबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, "तुह्या कारखान्यातला हाय काय?" हो म्हटलं. मग त्या बराच वेळ त्या बैलाकडेच बघत बसल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. बैलांचं काम संपलं, आता दिवाळीचे चौरंग. पण आज काम नाही, आज मशीनची पूजा.

सकाळी सगळे प्लग काढले. थोरली धुतली, पुसली, पात्याला हळदकुंकू. धाकटीच्या गळ्यात झेंडू. करवती, रंधे, पटाश्या, हातोड्या सतरंजीवर ओळीनं. आवाज नाही. या शेडमध्ये मी कधी चिमणी ऐकली नव्हती, आज ऐकली. एरवी आपण त्यांच्याकडून काम करून घेतो, आज त्या बसल्या आणि आपण उभे. मी खरंच हात जोडले. मनापासून.

मग नानाजींनी सगळ्यांना धागा बांधला. लाल-पिवळा, बायांना डाव्या हाताला. गाठ मारून दोन्ही टोकं लांब सोडलेली. म्हणाले, "कापाचा नाई. आपोआप गळून पडते तोवर राहू द्याचा. वर्षभर हात राखते."

त्यांचा स्वतःचा मात्र जुन्यावरच नवा. दरवर्षी जुन्यावर नवा. म्हणून ते कडं एवढं जाड.

३ ऑक्टोबर, शुक्रवार



दसऱ्याची सुट्टी संपवून आज कामाला लागलो. चौरंगाच्या पायांची भोकं. दुपारी जेवून आल्यावर. साली साचल्या होत्या, मी डाव्या हातानं झाडायला गेले. मशीन चालू. ब्रश शेजारीच होता. का गेला हात? सवय झाली की माणूस शेफारतो, दुसरं काय.

धाग्याचं टोक चकला लागलं.

दिसलं काहीच नाही. हात माझा राहिला नाही, एवढंच कळलं. कुणीतरी मनगट धरून आत ओढत होतं. लाल बटण मला झोपेतही सापडलं असतं, पण माझा उजवा हात तिकडे पोचायच्या आत तट्कन धागा तुटला. मी मागे आदळले. चकवर सुताचा लाल गुंडा फिरत होता, आणि अजून फिरतच होता. धाकटीला काही झालंच नव्हतं. लाकूड काय, सूत काय, मी काय.

मनगटाभोवती लाल वळ. कातडी सोलली आहे थोडी. बोटं हलतात. दहा वेळा हलवून पाहिली.

मी आजपर्यंत थोरलीला भ्याले. चावली ती धाकटी.

रात्री सासूबाईंनी वळ पाहिला. सगळं सांगितलं. उद्यासाठी बांगड्या आत्ताच डब्यात ठेवायला गेले तर त्यांनी काढून घेतल्या. "घरी घाल. बसमध्ये कायले वागवतं? फुटतीन."

४ ऑक्टोबर

नानाजींना सांगितलं. वाटलं होतं, रागावतील, हात का घातला म्हणून. तर त्यांनी वळावर बोट फिरवलं आणि त्यांचेच डोळे पाणावले.

"पाह्य. तुह्यावरचं धाग्यानं घेतलं. तुटला, पण हात राखला."

मी म्हटलं, "नानाजी, धाग्यानंच तर ओढलं."

"मंग सोडलं कोणं?"

त्यांनी खिशातून नवा धागा काढला, मला बांधायला. मी हात मागे घेतला. इतकी माणसं पाहत होती. म्हटलं, "तुमीच माह्या बांगड्या काढल्या ना? सासू बोलली, सवाष्णीचे हात भुंडे म्हणून, तरी काढल्या. मंग हा काहून नाई?"

"बांगडी काच हाय. हा देव हाय." आणि धागा माझ्या हातात टेकवून निघून गेले.

मला त्यांना खोटं म्हणता येत नाही. माझा हात खरंच वाचला आहे. पण वाचला तो एकेरी सूत होतं म्हणून. नानाजींचं कडं माझ्या करंगळीएवढं जाड आहे, वर नव्या धाग्याची टोकं लोंबतात. ते तुटणार नाही. ते सापडलं तर हात जाईल. सारखं तेच डोळ्यापुढे येतंय. ती बोटं.

६ ऑक्टोबर, सोमवार

त्यांनी दिलेला धागा टाकवेना, बांधवेना. दोन दिवस पर्समध्ये.

आज धाकटीपाशी उभी होते आणि सुचलं. तो धागा मी लाल बटणाच्या डबीला बांधला. डबी फिरत नाही, हलत नाही. बटण दाबायला आड येणार नाही असा घट्ट, टोकं कापून. वर हळदकुंकवाची बोटं. हात राखायचाच आहे ना? मग इथून राख.

प्रमिला म्हणाली, "बाप्पा! नानाजी पाह्यतीन ना."

पाहू देत.

८ ऑक्टोबर

पाहिलं. बटणापाशी थांबले, पेन्सिलीनं धागा जरा वर उचलला, गाठ पाहिली. मग थोरलीकडे गेले. प्रमिलानं संध्याकाळी आपल्या मनगटावरचा काढून पॉलिशच्या टेबलाच्या पायाला बांधला. तिचं तर फिरतं मशीनही नाही. मी म्हटलं, तू कायले? म्हणाली, तुझं पाहून चांगलं वाटलं.

नानाजी थोरलीवर होते तोवर मी निर्धास्त. तिथं त्यांचे हात काठीमागे असतात. पण चौरंगांची घाई आहे, दुसरं ड्रिल मालक आणणार म्हणे. त्यावर कोण उभं राहणार? तेच.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरं ड्रिल आलं, धाकटीशेजारीच लागलं. जेवणाच्या सुट्टीत नानाजी माझ्यासमोर बाकावर येऊन बसले आणि उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"सोड. कापू नको, सोड."

सगळे जेवत होते. मी नखांनी गाठ धरली. वरचा, यंदाचा, सहज सुटला. त्याखालचा गतसालचा, घामानं आणि भुशानं चिकटलेला. त्याखाली आणखी. प्रत्येक मी उलगडून त्यांच्या रुमालावर ठेवत होते, ते डोळे मिटून बसले होते, लहान पोर केस विंचरून घेतं तसे. खालची कातडी पांढरीफट. या हाताला कित्येक वर्षांत ऊन लागलं नव्हतं.

शेवटचा एक राहिला. काळपट, बारीक, मनगटाला अगदी चिकटून. गाठ विचित्र, आडवीतिडवी. मी नख लावलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"तो राहू दे."

"काहून?"

"माह्या वस्तादनं बांधला. दर खंडेनवमीले येत जाय म्हातारा, मलेच बांधाले. हा शेवटचा." गाठीवर अंगठा फिरवला. "उजव्या हाताले आंगठा अन् करंगळीच राह्यली होती त्याची. थोरलीनं बाकी नेली. एक टोक दातात धरून गाठ मारे."

मी त्या गाठीकडे पाहिलं. एवढ्याशा सुतात एका माणसाचे दात होते, दोन बोटं होती, आणि जे हात त्याला स्वतःचे राखता आले नाहीत, ते दुसऱ्याचे राखायची हौस होती. माझं नख मागे आलं. हे सोडायला सांगणारी मी कोण?

पण सूत ते सूत. धाकटीला वस्ताद ठाऊक नाही.

"लोंबत तं नाई ना?" त्यांनीच विचारलं. जरा भीत विचारलं. या माणसाला मी पहिल्यांदा भिताना पाहिलं.

मी बोट फिरवून पाहिलं. टोक नाही. कातडीला चिकटलेला. पण गाठीपाशी एक तंतू निघाला होता, केसाएवढा. तसं सांगितलं.

ते मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिले. मग उठले, रुमालाची पुरचुंडी खिशात घातली, चष्मा चढवला आणि नव्या ड्रिलपाशी गेले. चौरंगाचा पाय शिकंज्यात आवळला. चावी काढून खुंटीला अडकवली. शर्टाची बाही कोपरावर दुमडली. तो धागा तसाच.

मी माझं मशीन बंद केलं, जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांच्या लाल बटणावर तळहात ठेवला.

माझ्याकडे पाहिलं. हटकलं नाही.

"कर सुरू, बाई."

मी सुरूचं बटण दाबलं आणि हात पुन्हा लालवर. बिट खाली आलं. साली निघाल्या. मी भोकाकडे पाहिलंच नाही, त्या काळ्या गाठीकडे पाहत होते. आरपार झालं, बिट वर गेलं. मी लाल दाबलं, मशीन थांबलं. त्यांनी ब्रशनं भुसा झाडला आणि दुसरा पाय घेतला.