कापायची कड

प्रिय दादा,

आधीच सांगते, मी चिडलेली आहे. फोन केला असता तर तू 'बरं बरं' म्हणून विषय गुंडाळला असतास, म्हणून कागद घेऊन बसलेय. तुझ्या त्या कडा कापणाऱ्या प्रोग्रॅमने माझा जीव खाल्लाय. एक बटण दाबायचं, चहा घ्यायचा, तोवर हजार फोटो कापून तयार, असं म्हणाला होतास ना? चहा पिऊन पिऊन माझं पित्त खवळलं. त्या शहाण्याला पांढरं दिसलं की ती कडच वाटते. सातव्या खोक्यात मामा पांढऱ्या शर्टात पांढऱ्या भिंतीला टेकून उभे होते, तर त्यांचं नुसतं डोकं आणि पँट शिल्लक ठेवली. मी हसले, पण ते रडण्यातलंच हसणं होतं.

अण्णांचा स्टुडिओ महिनाअखेर रिकामा करून द्यायचाय, हे मलाही कळतं. आई गेल्यापासून आपण तिचा एक धड फोटो शोधतोय, तेही कळतं. पण अकरा खोकी आहेत रे, आणि सगळे कच्चे प्रिंट, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधीचे, कडा न छाटलेले. तू तिथे बसून हुकूम सोडलास: स्कॅन कर, काप, मूळ रद्दीत टाक. मी टाकले. सहा खोकी गेली. 'मूळ फाइल ठेवायची का?' असं प्रोग्रॅमने विचारलं, तेव्हाही तुझं ऐकून 'नाही' दाबलं. आज्ञाधारकपणाचं बक्षीस असतं तर मीच नेलं असतं.

मामांसाठी मी प्रोग्रॅममधला आकडा कमी केला, म्हणजे त्याने जरा बेताने कापावं. तर आता प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजूंना काळपट डाग राहायला लागले. वैतागून एकेक फोटो उघडून हाताने पुसायला बसले. तीस-चाळीस पुसून झाले आणि मग एक जरा मोठा करून पाहिला. डाग नव्हते ते. बोटं होती. फोटोतल्या माणसांमागचा पडदा धरलेली आईची बोटं, दारात सापडून वाकडी झालेली तिची करंगळी.

पडद्याचा स्टँड मोडला तेव्हा आपण किती लहान होतो, आठवतंय? अण्णांनी दुसरा आणलाच नाही. आई होती ना! माणसं पुढे बसायची, मागे ती हात पसरून पडद्याआड उभी, दुपारच्या दुपार. संध्याकाळी खांदा चोळत बसायची आणि आपण तिला गणितं विचारायचो. मग अण्णा कटर घेऊन कड छाटायचे, तिच्या बोटांसकट. त्या सहा खोक्यांत तेच काम मी केलं, फक्त जास्त वेगाने. मला माझा इतका राग आलाय की काय सांगू.

काल अण्णांना एक फोटो दाखवला. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पडदा सैल धरलाय तिने." आणि कटर मागितला. मी फोटो हिसकावून घेतला आणि त्यांच्यावर ओरडले. ऐंशीच्या माणसावर! रात्री जेवले नाहीत ते.

मागच्या आठवड्यात तू माझ्यावर ओरडलास, चार हजार फोटोंत आईचा एक सापडत नाही, मग करतेस काय दिवसभर? मी गप्प बसले. ती जाताना तुला यायला जमलं नाही, तेव्हाही मी गप्पच बसले होते. आता बसणार नाही. उरलेली पाच खोकी कापली जाणार नाहीत, टाकलीही जाणार नाहीत. माझ्या घरी पलंगाखाली राहतील. पत्रासोबत एकच फोटो पाठवतेय, तुझ्या शाळेच्या ओळखपत्राचा, सहा वर्षांचा असतानाचा. रडून तुझे डोळे सुजलेत. पडदा एका बाजूने पार लोंबतोय, कारण तू हलू नयेस म्हणून आईने एक हात सोडून तुझा खांदा धरलाय. अण्णांनी तो बाद केला होता. भिंतीवर हाच लाव. कड दुमडू नकोस, फ्रेम मोठी घे.

तुझीच,
भांडखोर धाकटी