डोंगर तेच, माप खोटं

सर, आज पाणी उकळत ठेवलं आणि तुमची आठवण झाली. म्हणजे रोजच होते, पण आज पेन सापडलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. तुमचं तरी कुठं मोत्याचं होतं? बाटलीवरची स्वतःची चिठ्ठी हातात धरून तुम्हीच मला विचारायचात, "मावशी, हे मी काय लिहिलंय?" वयानं माझ्याहून मोठे, केस पांढरे, आणि मला मावशी म्हणायचात. पहिल्या दिवशी मला राग आला होता. नंतर सुटीच्या दिवशी कोणी मावशी म्हटलं नाही की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

सातपूरच्या त्या लॅबमध्ये मी बाटल्या धुवायला लागले तेव्हा मला वाटलं, भांडीच तर घासायची, त्यात काय शिकायचं. तुम्ही पाणी तपासायचात, विहिरींचं, बोअरचं, कारखान्यांचं. एकदा एक फ्लास्क ओला दिसला म्हणून मी पदराचं टोक आत घालून पुसला, तर तुम्ही असे ओरडलात की हातातून सुटायचाच. "पदराला घामाचं मीठ असतं! मशीनला ते दिसतं!" मीही गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "मशीनला माझा घाम दिसतो, मग मालकाला का दिसत नाही?" तुम्ही हसायला लागलात, चष्मा काढून डोळे पुसलेत आणि मला कॉम्प्युटरपुढं स्टूल दिलंत. बाटल्या धुणारीला त्या खोलीत बसायला मिळालेलं ते पहिलं स्टूल. पाण्यात विरघळलेलं एकेक मीठ ते मशीन वेगळं करतं आणि पडद्यावर ज्याचा त्याचा डोंगर उभा राहतो, हे तुम्ही मला दाखवलंत. हा साध्या मिठाचा, हा नायट्रेटचा, शेतातला युरिया झिरपतो त्यातून आलेला. डोंगर किती मोठा म्हणजे पाण्यात किती, हे कळायला आधी मशीनला ओळखीचं पाणी लावायचं, ज्यात आपणच मोजून घातलेलं असतं. त्याला तुम्ही स्टँडर्ड म्हणायचात. मी म्हटलं, म्हणजे धान्य मोजायची पायली. तुम्ही म्हणालात, "तेच. पायली खोटी असली तर धान्य कितीही खरं असून उपयोग नाही." ते तुमच्या तोंडून सहज गेलं, आणि पुढं आमच्याच घरावर आलं.

माझी नात तेव्हा काही आठवड्यांची. सुनेला बाळंतपणात ताप आला आणि दूध आटलं, म्हणून पोरीला डब्याच्या पावडरचं दूध. पाणी मळ्यातल्या विहिरीचं. आम्ही भाजीपाला करणारी माणसं, त्या पाण्यावर माझी सासू म्हातारी झाली, माझी पोरं वाढली. पण पोरगी निळसर पडायला लागली. ओठ जांभळे, नखं जांभळी, रडली की जास्तच. मी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या जाळल्या. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं देता? पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ही पोरं अशी निळी पडतात म्हणाला. म्हणून मी बाटली भरून तुमच्याकडे आणली. तुम्ही लावलीत आणि संध्याकाळी म्हणालात, "नायट्रेट आहे, पण हद्दीत आहे. दुसरं कारण शोधायला सांगा डॉक्टरांना." मला हायसं वाटलं. तरी पोटातलं भ्या जाईना, म्हणून मी पाणी उकळायला लागले. नुसती उकळी नाही, चुलीवर निम्मं होईस्तोवर. सून तापातच अंथरुणावरून म्हणायची, "अहो आई, किती आटवता?" मी म्हणायचे, "तू गप पड. जंतू काय तुझं ऐकून मरणार हायेत?"

आणि मग तुम्ही आलात. ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही स्कूटर बांधावर आडवीच टाकता, स्टँडवर लावायलाही थांबत नाही, आणि चिखलातून तसेच बूट घालून माझ्या चुलीपर्यंत येता. पातेल्यात बघता. "हे पोरीसाठी?" मी हो म्हणते. तुम्ही पातेलं उचलता आणि अंगणात ओतता. मी काय काय बोलले, आठवतं का? "परवा चांगलं म्हणालात, आज वाईट म्हणता! मशीन हाय का पोपटवाल्याचा पोपट?" तुम्ही म्हणालात, "मशीन बरोबर होतं मावशी. माप खोटं होतं. माझं." स्टँडर्डच्या फ्लास्कचं बूच सैल राहिलं होतं. वरचं पाणी उडून गेलं, आत मोजून घातलेलं मीठ तेवढंच राहिलं, म्हणजे घट्ट झालं. घट्ट मापानं मोजलं म्हणून सगळ्यांचं पाणी कमी वाईट दिसलं. रोज लावता ते नळाचं पाणी त्या दिवशी फारच कमी आलं, तेव्हा तुम्हाला शंका आली. मी म्हटलं, "असू द्या वाईट, मी उकळते ना." तुम्ही चुलीपुढं खाली बसलात, साहेबी पँट राखेत. "मावशी, दूध आटवलं की साखर उडून जाते का?" बासुंदी मी जन्मभर केली आहे. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

नळाचं पाणी तुम्ही दोन कॅनमध्ये भरून आणलं होतं. स्कूटरवर एक पुढं, एक मागं. डॉक्टरला चिठ्ठी लिहून दिलीत, त्यानं ती वाचून इंजेक्शन दिलं, आणि पोरीचा रंग परत आला. आधी ओठ, मग नखं.

मी कामावर परत आले तेव्हा तुम्ही मला स्टूलवर बसवून तेच डोंगर परत दाखवलेत. मला वाटलं होतं सगळ्या बाटल्या पुन्हा लावाव्या लागल्या असतील. नाही म्हणालात. डोंगर खरेच होते, ते मशीननं साठवून ठेवलेले. ताजं स्टँडर्ड करून तेवढंच लावलं, त्यावरून कॉम्प्युटरला मापाची नवी रेघ दिली आणि जुने डोंगर नव्या रेघेवर परत वाचायला सांगितले. बटण दाबलंत तशी आमच्या विहिरीपुढचा आकडा वर सरकला आणि लाल झाला. मी म्हटलं, "मग जुना खोटा पुसून टाका की." तुम्ही म्हणालात, "पुसायचा नाही. त्याच्या शेजारी नवा ठेवायचा आणि का बदलला ते लिहायचं." लिहिलं होतंत तुम्ही, स्टँडर्ड आटलं, हलगर्जी माझी.

बाहेर गेलेले सगळे रिपोर्ट तुम्ही परत मागवायला निघालात तेव्हा मालक तुमच्यावर तापले. दार लोटलेलं होतं, पण मी फरशी पुसत होते आणि माझे कान काही मालकांनी पगारावर घेतलेले नव्हते. "पुढच्यापासून बरोबर द्या ना! झालेलं कशाला उकरता? गिऱ्हाईक राहील का एक तरी?" आणि तुमचा आवाज, नेहमीपेक्षा हळू: "पाणी पिणारे पुढचे नाहीत साहेब, मागचेच आहेत." दिवाळीच्या आधी तुमचं टेबल रिकामं झालं. तुमच्या जागी आलेल्या पोरानं मला स्टूलवरून उठवलं. बरोबरच होतं त्याचं. मी बाटल्या धुवायलाच होते.

नंतर एकदाच भेटलात. सुटीचा दिवस, मी पंचवटीच्या बाजारात मळ्यातली भाजी घेऊन बसलेले, तुम्ही पिशवी घेऊन उभे. बारीक झाला होतात. पहिलं विचारलंत, "पोरगी कशी आहे?"

"बरी हाय. तोंड लय चालतं."

"म्हणजे तुमच्यावर गेली."

"मग काय तुमच्या मशीनवर जाणार?"

तुम्ही हसलात. माझ्या ओठावर आलं होतं, घरी चला, तिला एकदा बघून जा, तुम्ही तिला डोळ्यांनी पाहिलीच नाही नीट. मी म्हटलं, "मेथी घ्या, ताजी हाय." तुम्ही जुडी उलटीपालटी करून विचारलंत, "कुठल्या विहिरीवरची?" मी शिवी देता देता राहिले. मेथी घेऊन गेलात. तुम्ही गेल्याचं मला सातपूरच्या बसमध्ये कळलं, कोणीतरी दुसऱ्याला सांगत होतं, आणि तोवर दहावाही होऊन गेला होता. मी पुढच्या स्टॉपला उतरले. उतरून काय करायचं ते कळेना, मग मागची बस धरून कामावर गेले.

सर, नात आता कॉलेजात जाते. आमच्या घरात सगळे म्हणतात, डॉक्टरच्या इंजेक्शननं वाचली. ते खरंच आहे. चुलीपुढं राखेत कोणीतरी बसलं होतं, एवढं सुनेला आठवतं, पण ती तेव्हा तापात होती, तिला तुम्ही पाणीवाले वाटलात. तुमची मुलगी पुण्याला असते, पत्ता मी मिळवला आहे. नातीनं आत्ताच विचारलं, "आजी, पाकीट आणू का?" मी नको म्हटलं. हे वाचून तुमची मुलगी मला उत्तर लिहील, तुमच्या दहा गोष्टी सांगेल ज्या मला ठाऊक नाहीत, आणि तुम्ही तिचे वडील होऊन जाल. तुम्ही तुमची चूक दारोदार जाऊन सांगितलीत. मला तुमचं चांगलंसुद्धा कोणाला सांगवत नाही. वाटून दिलं तर माझ्याकडे कमी उरेल, असं वाटतं.