हळदीच्या दिवशीची चाचणी

सुकापूर, पनवेल
२ फेब्रुवारी २०२६

चि. अंकितास अ. आ.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. मितेशची हळद वीस तारखेला, लग्न बावीसला. तू त्याची एकुलती बहीण, म्हणजे करवली तूच. आणि तू म्हणतेस, लोट्याच्या कारखान्यात नवी कंट्रोल सिस्टीम बसतेय, सुट्टी कठीण आहे. तूच समजावलं होतंस, की आता सगळा कारभार एका खोलीतल्या कॉम्प्युटरकडे नाही. प्रत्येक टाकीपाशी स्वतःचा कंट्रोलर, तो आपापलं ठरवतो आणि बाकीच्यांना कळवतो. मग ठरवू दे की त्यांना! तुझं तिथे काय अडलंय? आई विचारते, करवली नाय तर हळद कोन लावील.

राग कागदावर उतरला, लोभ होता तेवढाच आहे.

तुझा बाबा,
कमळाकर

लोटे
१० फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

तुमचा प्रश्न ऑफिसात वाचून दाखवला. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण कंट्रोलर खरंच एकटे चालतात का, हे आम्ही तपासलंच नव्हतं. काल टाक्यांत नुसतं पाणी घेऊन खोलीकडे जाणारी केबल मुद्दाम काढली. बाकीचे चालत राहिले, वाफेच्या झडपेचा अडकला. तो अजून प्रत्येक गोष्ट खोलीलाच विचारत होता. झडप उघडी राहिली, ती पाळीवरच्या काशिरामने हाताने बंद केली.

साहेब म्हणाले, चाचणी पास म्हणून सही करून टाक, दुरुस्ती मागाहून होईल, भावाची हळद चुकवू नकोस. मोह झाला, बाबा. पण सही झाली की त्या टाकीपाशी माणसं उभी राहणार. मी सही केली नाही. फेरचाचणी नेमकी वीसला आहे. हळद थांबवू नका, आत्याच्या रोशनीला करवली करा. मितेशला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

रागावा, पण लोभ कमी करू नका.

अंकिता

सुकापूर
२१ फेब्रुवारी, सत्यजीतच्या हाती

चि. अंकितास अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चिडलो होतो. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, त्या टाकीपाशीपन कोनाचा तरी मितेश उभा असनार. मग मीच मितेशला जाऊन सांगितलं.

काल हळद वेळेवर झाली. रोशनी खूप मिरवली. आत्याने दोनदा डीजे बंद करायला लावला, तिसऱ्यांदा स्वतःच नाचली. मितेशने मात्र डाव्या गालाला कुणाला हात लावू दिला नाही. तो अंकिताचा, म्हणे. सकाळपासून अर्धा पिवळा फिरतोय, फोटोवाला वैतागलाय.

शेजारच्या सत्यजीतला गाडी घेऊन पाठवतोय. चाचणी उरली असेल तर नीट पुरी कर, तो गेटवर थांबेल. लोभ आहेच, तो इथे येऊन घे. उद्या वऱ्हाड निघेपर्यंत नवरदेव तोंड धुणार नाही.

बाबा